शनिवारी मला दिसत नसे

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही, ज्या डॉक्टरांच्या हाताखाली उमेदीची वर्षं घालवली त्यांना नाही. देवापुढे बसले तेव्हाही नाही — तिथे तर मी मुद्दाम दुसरंच काहीतरी बोलत राहिले. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि उद्या समोरून आलात तरी मी तुम्हाला ओळखणार नाही. एवढं अंतर मला पुरतं.

आणि आधीच सांगून ठेवते — मी रडायला बसलेले नाही. मन हलकं करायचं असंही काही नाही. मनाचं वजन मला पेलतं.

परवा टीव्हीवर चर्चा चालली होती. शाळांनी मुलांना समाजसेवा सक्तीची करावी का, असा विषय. चार माणसं चार चौकटींत बसून एकमेकांना बोलू देत नव्हती. त्यातले पांढऱ्या कुर्त्यातले एक गृहस्थ फार मऊ आवाजात म्हणाले, सेवा आतून यावी लागते हो, सक्तीनं केलेली सेवा ही सेवाच नव्हे. मी टीव्ही बंद केला. आतून म्हणजे कुठून? माणसाच्या आत काय असतं ते मी नोकरीभर पाहत आले आहे, आणि त्या गृहस्थांनी ते एकदाही पाहिलेलं नसावं. त्यांच्याशी भांडायचं म्हणून हे सुरू केलं, असं समजा. पण त्यांच्याशी भांडायचं तर मला माझं सांगावं लागतं — दुसरा पुरावा माझ्याजवळ नाही.

मी सिस्टर. मला नाव आहे, पण काष्टीत ते कुणी वापरत नाही. सरकारी दवाखान्यात नोकरी केली, बदल्या झाल्या, शेवटची बरीच वर्षं श्रीगोंदा तालुक्यात गेली आणि निवृत्तीच्या आधी इथे दोन खोल्या बांधल्या. लग्न केलं नाही. त्याची कारणं आहेत, ती इथे लागत नाहीत. या गावातली आज तिशीत असलेली कितीतरी माणसं पहिल्यांदा माझ्या हातात रडली. त्यांच्या आया मला रस्त्यात धरून सांगत, "सिस्टर, तुमी नसता तर माझं काय खरं नव्हतं." आणि मग निवृत्त झाले. काही दिवस लोक बीपी तपासायला, इंजेक्शन टोचून घ्यायला येत राहिले. पुढे कोपऱ्यावर नवा दवाखाना निघाला, तिथे टीव्ही होता, एसी होता. येणं थांबलं. कुणी भांडलं नाही, कुणी टाकून बोललं नाही, फक्त थांबलं. दिवस दिवस माझ्या तोंडातून शब्द जात नसे. दूध घालणारा पोरगा पिशवी कडीला अडकवून जाई.

ही तक्रार नव्हे. मी कुणाकडे गेले होते का? नाही. मीही गेले नाही.

मग डोळे गेले. म्हणजे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. पेपर वाचता येईना, तांदळातला खडा दिसेना, चेहरे आवाजावरून ओळखायचे. ऑपरेशन करायला हवं होतं, पण साखर वाढलेली, ती खाली येईपर्यंत थांबा म्हणाले. याच सुमारास गावातल्या हायस्कुलात कदम सरांनी एक नियम काढला. नववीच्या प्रत्येक मुलानं शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास गावातल्या कुणातरी गरजू माणसाकडे जायचं. न जाणाऱ्याचे गुण कापायचे. सक्ती, सरळ सक्ती. कदम सर स्वतः गल्लीगल्लीतून हिंडले आणि कुणाला काय हवंय ते विचारत गेले. माझ्या दारात उभे राहून म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला एक मुलगी देतो. पेपर तरी वाचून दाखवेल."

ऋतुजा अशी आली. मळ्यातल्या वस्तीवरची, कांदा-ऊस करणाऱ्या घरातली. पहिल्या दिवशी उंबऱ्यावरच उभी राहिली आणि म्हणाली, "मला शाळंनं पाठवलंय." बस्, एवढंच. मी म्हटलं, तुझी इच्छा नाही का? ती म्हणाली, "न्हाई. शनिवारी आमचं पळायचं असतं, भरतीचं. ते बुडतंय." तिला पोलिसात जायचं होतं.

मला ती मुलगी त्याच क्षणी आवडली. कधीपासून मी खरं बोलणं ऐकलं नव्हतं. दवाखान्यात यायचे ते गोड बोलायचे, कारण त्यांना माझी गरज होती. हिला माझी काही गरज नव्हती आणि तसं तिनं तोंडावर सांगितलं.

पहिले काही शनिवार ती पेपर असा वाचायची की जणू मला शिक्षा देते आहे. जोडाक्षर आलं की गिळायची. मी अडवायची, पुन्हा म्हण म्हणायची. हळूहळू तिचं चित्त लागलं. वाचता वाचता थांबून विचारायला लागली — सिस्टर, पोट फाडून बाळ काढतात तर परत शिवतात कसं? पाळी आल्यावर पळलं तर काय होतं? मेलेलं माणूस जड का लागतं? घरी हे विचारायची सोय नव्हती. मी सगळं सांगायची, काही न लपवता. ती पाय पोटाशी घेऊन ऐकायची. दोन तासांचे अडीच-तीन होत. जाताना म्हणायची, "येते मी. पुढच्या शनिवारी हायच." ते "हायच" मी आठवडाभर पुरवून वापरायची.

सक्तीनं आलेली मुलगी. लक्षात घ्या. आतून येणारं त्या दारात तोवर कुणीही आलेलं नव्हतं.

आता जैतूनभाभींबद्दल सांगायला हवं. मी ते लांबवते आहे, मला कळतंय.

माझ्या मागच्या गल्लीत हुसेनभाई राहायचे. नालबंद — बैलांच्या खुरांना नाल ठोकायचं त्यांचं काम. शनिवारी काष्टीचा बाजार, बैलबाजारात दिवसभर त्यांची हातोडी चालायची, आणि त्या एका दिवसावर त्यांचा बाकीचा आठवडा निघायचा. जैतूनभाभी त्यांची बायको. मी दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होते तेव्हापासून दर ईदला त्यांच्या घरून माझ्यासाठी शीरखुर्म्याचा डबा यायचा. एक वर्ष चुकलं नाही. त्यांची थोरली मुलगी माझ्याच हातावर झाली होती, लग्न होऊन दौंडला गेलेली. भाभींना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, तेव्हा माझे डोळे अधू झाले होते. एकदा चाचपडत जाऊन आले. पुन्हा गेले नाही. डोळ्यांचं कारण होतं ना.

ऑपरेशन झालं. नगरला, एका डोळ्याचं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि मला समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं, त्यावरचे आकडे दिसले, नर्सच्या नखांवरचा उडालेला रंग दिसला. मी लहान पोरीसारखी हसले. तिथून एसटीनं परत येताना खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचत आले, एकूण एक.

घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कदम सर आले. मी काळा चष्मा लावून ओट्यावर बसले होते. सर म्हणाले, "कसं आहे आता, दिसतंय ना? नाही, म्हणजे एक विचारायचं होतं. हुसेनभाई दोनदा येऊन गेले. शनिवारी ते बाजारात असतात, भाभी एकट्या पडतात. कुणीतरी नुसतं बसायला हवंय जवळ, पाणीबिणी द्यायला. बाकीची मुलं वाटून झालीत, आणि दोघातिघांच्या घरून आजाऱ्याजवळ पाठवायला नको म्हणाले. ऋतुजा जाईल. तुमचं भागत असेल तर तिला तिकडे देतो."

सरळ प्रश्न होता. दवाखान्यात असा प्रश्न मी रोज सोडवत असे — खाट एक, पेशंट दोन, कुणाला जास्त गरज? मला विचार करावा लागत नसे. त्या संध्याकाळीही लागला नाही. उत्तर मला माहीत होतं. भाभींना.

मी म्हणाले, "नाही हो सर. धूसरच आहे. मोतीबिंदू काढला, पण आतला पडदाच खराब निघाला. साखरेमुळे. आता यापुढे सुधारणार नाही म्हणाले."

का घाबरले नाही मी? माझा आवाजसुद्धा हलला नाही. सिस्टरच सांगते आहे म्हटल्यावर कोण तपासणार? सर बिचारे वाईट वाटून गेले. "असं आहे का," म्हणाले. "मग राहू दे. मी बघतो दुसरं कुणीतरी." दुसरं कुणी मिळालं नाही. मिळणार नाही, हे मला ते बोलत होते तेव्हाच ठाऊक होतं.

तुम्ही म्हणाल, एकटी बाई, जीव लागला होता पोरीत. म्हणू नका. मी ते स्वतःला म्हणून पाहिलं आहे, त्यानं काही होत नाही. भाभी माझ्याहून एकट्या होत्या आणि त्यांना हलता येत नव्हतं.

आणि मग मी आंधळी झाले — फक्त शनिवारी दुपारी. बाकीचे दिवस मी चष्म्यातून सगळं पाहायची, दार लावून घेऊन. सकाळी पेपर आला की पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायची, मग घडीवर घडी बसेल असा मिटून ठेवायची आणि दुपारी तोच पेपर ऋतुजाच्या तोंडून ऐकायची. कप घेताना आधी टेबल चाचपायची. मान किंचित कलती ठेवायची, आवाजाच्या दिशेनं. मोतीबिंदूचे पेशंट इतके पाहिले होते की सोंग जमायला मला काहीच कष्ट पडले नाहीत. लाज वाटत होती का? खरं सांगू? नव्हती. मजा येत होती. तिच्या कपाळावरचे केस, वाचताना हलणारं बोट, कंटाळली की वर करायची ती भुवई — आता मी हे सगळं पाहू शकत होते आणि तिला वाटत होतं की कुणी पाहत नाही.

एका शनिवारी चूक झाली. ती वाचत होती, एक बातमी तिनं टाळली, कुठल्यातरी मुलीनं विहिरीत उडी घेतल्याची, आणि पान उलटायला लागली. मी सहज म्हणाले, "ती डावीकडची राहिली गं."

तिचा हात पानावर थांबला. तिनं वर पाहिलं, माझ्या काळ्या काचांकडे. मी मान कलती केली, पण उशीर झाला होता. तिनं ती बातमी वाचली — सगळी, नीट, एकही जोडाक्षर न गिळता. मग पेपर मिटला, पेला विसळून ठेवला आणि गेली. त्या दिवशी "हायच" म्हणाली नाही.

पण पुढच्या शनिवारी आली. त्याच्या पुढच्याही. का आली? गुणांसाठी? का मला वाईट वाटेल म्हणून? का माझ्या खोटेपणाची तिला कीव आली? मला अजून कळलेलं नाही. तिला माहीत होतं आणि मला माहीत होतं की तिला माहीत आहे, आणि आम्ही दोघी पेपर वाचत होतो.

मग तो शनिवार आला. बाजाराचा दिवस, गल्लीत चिटपाखरू नाही. हुसेनभाईंच्या घराचं दार हवेसाठी नुसतं ओढून घेतलेलं. एक शेळी आत शिरली आणि पिठाच्या डब्यात तोंड घातलं. भाभींनी खाटेवरून हुसकावलं, ती हटेना. म्हणून त्या उठल्या. डाव्या हातानं खाटेचा खूर धरून उभ्या राहायला गेल्या आणि पडल्या. संध्याकाळी हुसेनभाई बाजारातून आले तेव्हा त्या जमिनीवर होत्या, पिठात, आणि आवाज बसलेला. ओरडून बसलेला. पुढच्याच गल्लीत माझं घर. मी त्या वेळी पेपर ऐकत होते. ऐकू आलं नाही — हे खरं आहे, पण या खऱ्यानं माझं काही भागत नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. सकाळी दूधवाल्यानं सांगितलं. या वयात, त्यात अर्धांग, त्यात खुबा — पुढे काय होतं हे मला कुणी सांगायला नको होतं. नगरला नेलं. हृदय कमजोर, भूल झेपणार नाही म्हणाले. परत आणलं. पडून राहायचं. पडून राहिलं की पाठ फुटते.

इथवर जे सांगितलं ते तुम्ही कदाचित समजून घ्याल. लोभ होता म्हणाल, दैव म्हणाल, शेळी म्हणाल. पण मला सांगायचं आहे ते याच्या पुढचं आहे.

पुढच्या शनिवारी ऋतुजा आली ती आत आलीच नाही. पहिल्या दिवसासारखी उंबऱ्यावर उभी राहिली. म्हणाली, "सिस्टर, मी आजपासनं भाभींकडं जाते. सरांना सांगितलंय." मी बरं म्हणाले. ती हलली नाही. मग म्हणाली, "तुमी पन चला. त्यांच्या पाठीला जखमा झाल्यात. हुसेनचाचांना जमंना."

तिनं मला वाट दिली होती. बघा, किती सोपी. मी नुसतं चष्मा काढून चपला घालायच्या होत्या. तिनं कुणाला काही सांगितलं नसतं, मी काहीतरी थाप मारली असती — औषधानं फरक पडला, दिसायला लागलं — आणि सगळ्यांना आनंदच झाला असता.

मी म्हणाले, "मला दिसत नाही गं."

ती वळून गेली.

का? याचं उत्तर मी तेव्हापासून शोधते आहे असं म्हणायला हवं, पण ते खोटं होईल. उत्तर मला लगेच कळलं होतं. भाभींच्या समोर मला जायचं नव्हतं. त्यांच्या पाठीवरची जखम माझ्या डोळ्यांनी मला बघायची नव्हती. नोकरीत असल्या जखमा मी धुतल्या, किडे काढले, वास घेतला, वर घरी येऊन जेवले. तेव्हा हजेरी होती, वरिष्ठ होते, न करून सांगता कुणाला? लोक म्हणायचे, सिस्टरचं मन मोठं. मन नव्हतं. ड्यूटी होती. मनावर सोडलं त्या दिवशी माझ्या मनानं काय केलं ते मी आत्ता सांगितलं.

दोन दिवसांनी हुसेनभाई स्वतः आले. उभे आडवे मजबूत माणूस, बैल आडवा पाडून धरणारे, पण दारात असे उभे की जागाच मागत नव्हते. मी बसा म्हणाले. ते खाली बसले.

"सिस्टर, तुमच्या डोळ्यांचं मला ठावं हाय," ते म्हणाले. "यायचं म्हनत न्हाई मी. तुमी नुसतं तोंडानं सांगा. धुवायचं कसं, बांधायचं कसं. मी करतो."

आणि मी सांगितलं. काळा चष्मा लावून, खुर्चीत बसून. पाणी उकळून मीठ टाकून गार होऊ द्या. कापूस नको, त्याचे तंतू चिकटतात, गॉज आणा. आतून बाहेर पुसा, बाहेरून आत नको. पावडर घालू नका. कूस बदलत राहा, रात्रीसुद्धा. हाड दुखेल म्हणून त्या ओरडतील, तरी बदला, पण दोघांनी मिळून, कमरेखाली चादर धरून. ते एकेक वाक्य पुटपुटून पाठ करत होते, शाळेतल्या मुलासारखे. नालेचे खिळे ठोकून ठोकून जाड झालेली त्यांची बोटं मी बघत होते. त्या बोटांनी गॉज कसं धरायचं ते ते हवेत करून पाहत होते, आणि मला विचारत होते, असं का? — मला, जिला दिसत नाही. मग स्वतःच ओशाळून म्हणाले, "तुमाला काय दिसनार म्हना."

मी बरोबर सांगितलं, एकही गोष्ट चुकीची सांगितली नाही. माझे हात मांडीवर होते. चांगले हात होते.

तेवढ्यात गावात बोंब झाली. वस्तीवरची पोरगी परक्याच्या घरी बाईच्या जखमा धुते म्हणून. शाळेत पालकांची सभा लागली, ही सक्ती बंद करा म्हणून. ऋतुजाचे चुलते सगळ्यांत पुढे. "आमी पोरं शाळंत शिकाया धाडतो," ते म्हणाले, "का लोकांची घाण काढाया? ज्याला सेवा करायची हौस हाय त्यानं करावी. जबरदस्ती कशापायी?" टाळ्या पडल्या. कदम सरांचा चेहरा उतरला. ते माझ्याकडे वळले. ज्यांना लाभ झाला त्यांनी बोलावं म्हणून मला बोलावलं होतं, मुख्याध्यापकांच्या शेजारी खुर्ची दिली होती. एका मुलानं हाताला धरून नेलं होतं मला तिथे.

मी उठले. म्हणाले, हौस असणाऱ्यांची मी पुष्कळ वाट पाहिली. माझ्या हातावर जन्मलेली इथे बसलीत, त्यातलं हौसेनं कोण आलं ते हात वर करा. कुणी केला नाही. मग म्हणाले, माझ्याकडे जी आली ती सक्तीनं आली, आणि मला सांगूनच आली. तिनं मला माणसात आणलं. तुम्ही पोरांना गणित सक्तीनं शिकवता, आंघोळ सक्तीनं घालता. मग शेजारच्या घरातलं माणूस जिवंत आहे का एवढं बघायलाच इच्छेची वाट कशाला पाहता? इच्छा होईपर्यंत माणूस मरतं. पडून, ओरडून मरतं.

चुलते खाली बसले. सक्ती राहिली — आजही आहे. लोक येऊन माझ्या पाया पडले. मागे भिंतीला टेकून हुसेनभाई उभे होते, त्यांनी डोळे पुसले. आणि मुलींच्या रांगेत ऋतुजा बसली होती. तिनं टाळी वाजवली नाही. एक वाक्य बोलली असती तर त्या खुर्चीवरून मी उठले नसते. ती बोलली नाही. माझ्यासाठी गप्प राहिली की त्या नियमासाठी, ते तिचं तिला माहीत.

त्या भाषणातला एकही शब्द मी आज मागे घेणार नाही. तो कुर्तेवाला गृहस्थ समोर आला तर त्याला तेच ऐकवीन, त्याहून कडक. मी खोटी होते म्हणून ते खोटं ठरत नाही. उलट. सक्ती हवी हे माझ्याइतकं कुणाला कळणार? सक्ती नसली की चांगलं माणूस काय करतं, हे मी बाहेरून पाहिलेलं नाही.

भाभी पावसाळा संपता संपता गेल्या. ऋतुजा तोवर जात होती. शाळेचं वर्ष संपून तिची सक्ती कधीच सुटली होती, तरी जात होती. आता ती श्रीगोंद्याला कॉलेजात आहे, पहाटे रस्त्यावर पळताना दिसते. माझ्या दारासमोरून जाताना वेग कमी करत नाही. मीही हाक मारत नाही. वर्षभरानं मी दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन केलं आणि गावाला सांगितलं की या वेळी नवीन डॉक्टर होते, दोन्ही डोळे सुधारले. कुणी खोलात गेलं नाही. कदम सरांनी पेढे वाटले.

पण त्याच्या आधी, भाभी गेल्यावर काही दिवसांनी हुसेनभाई आले होते. दौंडला मुलीकडे कायमचे निघाले होते, निरोप घ्यायला आले. पुष्कळ वेळ बसले. मग म्हणाले, "शेवटपर्यंत रोज इचारायची. सिस्टरला दिसाया लागलं का? मी न्हाई म्हनायचो. तर दुवा करायची तुमच्यासाठी, एका हातानं."

मी काळ्या चष्म्याआडून त्यांच्याकडे बघत होते. दाढी वाढली होती. शर्टाचं वरून दुसरं बटण तुटलेलं होतं आणि तिथे सेफ्टी पिन लावली होती. डोळ्यांच्या कडा लाल होत्या. सगळं स्वच्छ दिसत होतं. मी म्हणाले, देवाची मर्जी. ते म्हणाले, व्हय.

एवढंच आहे. याची माफी मी मागितलेली नाही. जिच्याकडे मागायची ती नाही. उरलेल्या दोघांना मी ओळखते, मागितली तर ते देऊन टाकतील. म्हणून मागत नाही.